निरंजनाची उत्तरपूजा

अनंत चतुर्दशीची दुपार कलत होती, आणि घारकड्याच्या माथ्यावरच्या सपाट सड्यावर रंगांची सभा भरली होती.

काळ्या कातळावर, बोटभर मातीच्या भरवशावर, फुलंच फुलं उभी होती. सोनकीचा पिवळा, तेरड्याचा गुलाबी, गोंडेदार गेंदांचा शुभ्र. आणि या सगळ्या मानकऱ्यांच्या पायाशी, ओलसर शेवाळात, मोहरीएवढी निळी फुलं, ज्यांना तिकडे सीतेची आसवं म्हणतात. वर मेघमंथर आकाश. खाली वाऱ्याने विंचरलेलं गवत. आणि पश्चिमेला, जिथे सडा संपतो, तिथे एकदम काहीच नाही.

ते काहीच-नाही फार देखणं होतं.

कड्याखाली दरी, दरीत धुकं, धुक्यातून वर उसळणारा कोकणचा वारा. असा वारा, की कड्यावरून खाली टाकलेला रुमाल क्षणभर विचार करी आणि टाकणाऱ्याच्याच तोंडावर परत येई. कोसळायला निघालेला ओहोळसुद्धा अर्ध्या वाटेवरून माघारी फिरे, तुषार होऊन, रजतधूळ होऊन; आपण पडायला निघालो होतो हेच विसरून.

असा हा सडा गेले दहा दिवस पृथ्वीवर नव्हता.

कोल्हापूरच्या यशोधन सासने नावाच्या तरुणाने तो परग्रह म्हणून निवडला होता. यशोधन सिनेमा करत होता, आयुष्यातला पहिला. परग्रहाच्या आकाशाला दोन सूर्य हवे होते. दुसरा नंतर संगणकावर लावायचा होता. पहिला फुकट होता, पण तोच ढगांतून बाहेर यायला तयार नव्हता.

आणि या परग्रहाच्या काठावर, निळ्या फुलांच्या ओल्या गादीवर, कातळाला पाठ टेकून निरंजन बसला होता.

*

निरंजन माणूस नव्हता. निरंजन हा माणसाने केलेला माणूस होता. सिनेमातही, आणि सड्यावरही.

फायबरची कवटी, स्पंजाचं अंग, रबराचा चेहरा, आणि वरून पायघोळ झगा, छत्रीच्या कापडाचा, चंद्रधवल. एका हाताने उचलावा इतका हलका. त्याच्याइतका शिस्तीचा नट कोल्हापुरात झाला नसेल. तो वेळेवर येई, कारण त्याला उचलून आणत. तो संवाद विसरत नसे, कारण ते नंतर भरायचे होते. आणि दोन शॉटच्या मधल्या वेळात तो कुणाचीही निंदा करत नसे, ही गोष्ट तर सिनेमाच्या धंद्यात अलौकिकच.

तो घडवला होता कुंभार गल्लीतल्या मालनमावशींनी. उभा जन्म गणपती घडवलेले त्यांचे हात. त्या हातांना यशोधनने सांगितलं होतं, "मावशी, चेहरा कोरा पाहिजे. भाव नको. यंत्र आहे ते."

मावशींनी मान डोलावली होती. पण हात डोलावत नसतात. हात आपल्या वाटेने जातात.

पहिल्या घडवणीत निरंजनाचं पोट किंचित सुटलेलं निघालं. ते कापावं लागलं. उजवा हात आशीर्वादाचा निघाला. तो कापता आला नाही, कारण मग हातच उरला नसता. डावा तळवा मोदकापुरता खोलगट निघाला आणि तसाच, मोदकाविना, रिकामा राहिला. आणि डोळे... डोळ्यांची आखणी मावशींनी नेहमीप्रमाणे सर्वांत शेवटी केली, श्वास धरून, एकाच ओढीत. आणि कोऱ्या चेहऱ्याच्या त्या यंत्राला असे डोळे आले, करुणार्द्र, किंचित खाली झुकलेले, समोर उभ्या असलेल्या प्रत्येकाची चूक माहीत असलेले आणि ती माफ केलेले.

"कोराच ठेवलाय," मावशी म्हणाल्या होत्या. "आता बघणाऱ्याला काय दिसंल, त्याला मी काय करतो?"

यशोधनने ते डोळे पाहिले होते, आणि कोरेपणाचा आग्रह त्याच्या ओठांवरच विरून गेला होता.

*

सिनेमाची गोष्ट साधी होती. कुठल्या तरी दूरच्या काळात, कुठल्या तरी दूरच्या ग्रहावर, न्यायसभा बसते. समोर निरंजन. प्रश्न एकच: हा माणूस की वस्तू?

न्यायाधीश म्हणतो, वस्तू. याला ठोकून पाहा, आत पोकळ आहे. याला आई नाही. आणि याच्या जाण्याने कुणाचं काही जाणार नाही. ज्याच्या जाण्याने कुणाचं काही जात नाही, ती वस्तू.

निरंजन उत्तर देत नाही. तो उठतो, ग्रहाच्या काठापर्यंत चालत जातो, आणि मावळत्या सूर्यांच्या साक्षीने स्वतःला खाली सोडून देतो. बस. एवढाच सिनेमा.

हा शेवट यशोधनने तीन वर्षं उराशी बाळगला होता. त्या वर्षांत त्याने लग्नांचे व्हिडिओ काढले, वाढदिवसांचे काढले, म्हशींच्या एका शर्यतीचाही काढला. आणि प्रत्येक वेळी डोळा कॅमेऱ्याला लावला की त्याला दिसे ती एक शुभ्र आकृती, एक काठ, आणि पडणं. प्रेक्षकाने त्या पडण्याकडे पाहून न्यायाधीशाला खोटं ठरवावं, एवढीच त्याची इच्छा. देवावर, मंत्रावर, मुहूर्तावर त्याचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास होता तो या एका पडण्यावर.

आणि आज शेवटचा दिवस होता. वनखात्याची परवानगी आज संध्याकाळी संपत होती. फुलांची परवानगीही संपतच आली होती. निरंजन एकच होता, म्हणजे शॉटही एकदाच. आणि दहा दिवस रुसलेला सूर्य, आजच, उतरत्या प्रहरी, ढगांची कवाडं ढकलून बाहेर आला होता. हेमगर्भ, केशरकांती, भरघोस.

"चला," यशोधन म्हणाला. "ढकलूया."

कुणी हललं नाही.

*

याचं मूळ पहिल्या दिवशी होतं. मुहूर्ताला.

सिनेमाचा मुहूर्त म्हणजे कॅमेऱ्याची पूजा, हा रिवाज. पण चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसाच्या त्या सकाळी भुरभुर होती, आणि नसीम मुजावरने, जिच्या हाती कॅमेरा होता, तो काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून मागे ठेवला होता. पुढे, खुर्चीवर, बसला होता निरंजन. शुभ्रवस्त्र, शांतमुद्र, आशीर्वादहस्त.

घाटमाथ्यावरच्या गावातून वामनगुरुजी आले. मोतीबिंदूच्या धुक्यातून त्यांनी समोर पाहिलं. आदल्या दिवशी घरोघरी त्यांनी इतके गणपती बसवले होते की त्यांच्या बोटांना दुसरी वाटच आठवत नव्हती. त्यांनी दूर्वा तुपात बुडवल्या, निरंजनाच्या स्पंजाच्या छातीला लावल्या, आणि खणखणीत स्वरात प्राणप्रतिष्ठा सुरू केली.

यजमान म्हणून यशोधन पाटावर बसला होता, पण त्याच्या कानाला फोन होता. जनरेटर घाटात अडकला होता. गुरुजींनी विचारलं, "आपली मनापासून इच्छा आहे ना?" यशोधन फोनवर म्हणाला, "हो, हो, काहीही करा, पण आणा." गुरुजींनी ते पुरेसं मानलं.

बाकीच्यांच्या लक्षात आलं होतं. पण चाललेल्या पूजेत बोलू नये, हा संस्कार. आणि नंतर पेढे आले. तोंड भरलेलं असताना बोलू नये, हा त्याहून मोठा संस्कार. असं ते राहून गेलं.

पण राहून गेलेल्या गोष्टी कुठे जात नाहीत. त्या तिथेच राहतात.

दुसऱ्या दिवसापासून चहाचा एक कप जास्त होऊ लागला. खाण्यापिण्याचं सगळं पाहणारे सर्जेराव, गलमिशांचे, भरदार, एके काळचे लाल मातीतले पैलवान, तो कप आधी निरंजनापुढे ठेवत, थोडं थांबत, आणि मग स्वतः पीत. निरंजनाकडे पाय करून कुणी बसेना. त्याच्यासमोर कुणी शिवी देईना. दिलीच, तर मागाहून हळूच "तुम्हाला नाही" म्हणे. कुणाची तरी शाल त्याच्या खांद्यांवर आली. कुणाची तरी छत्री त्याच्या डोक्यावर उघडी झाली, आणि ते कुणीतरी भिजत राहिलं.

यशोधनला हे सगळं दिसत होतं. त्याला वाटलं, गंमत. त्याला वाटलं, लळा. त्याला वाटलं, आपला सिनेमा लोकांना पोचतोय.

आणि तो फारच पोचला होता.

*

"मी न्हाय ढकलणार, दादा," सर्जेराव म्हणाले. "रोज चहा दिलाय त्यांना."

"त्यांना?"

"मग काय, त्याला म्हणू?"

यशोधनने मावशींकडे पाहिलं. मावशी कातळावर बसून पान लावत होत्या. निर्विकार.

"माझ्याकडं काय बघतोस? आमचं घडवायचंच बुडवायला असतंय. मी त्यात रडत न्हाय. पण बसलेल्याला उठवल्याबिगर कुणी उचलतंय का, बाळा? आधी निरोप द्या. मग खुशाल ढकला. मी स्वतः ढकलतो."

"मावशी, गणपती नाहीये तो."

"गणपती तरी कुठं कुणाच्या पोटी आला हुता? अंगावरच्या मळाचा केला आईनं. आणि दारात बसवला. तुझा तरी रबराचा आहे."

सूर्य एक बोट खाली आला. सड्यावरची प्रत्येक काडी आपली लांबच लांब सावली घेऊन उभी राहिली. कड्यावरचे तुषार सोन्याचे झाले. हाच तो उजेड, हाच, ज्यासाठी तीन वर्षं गेली. आणि तो आता वाळूसारखा निसटत होता, आणि समोर चांगली शहाणीसुरती माणसं एका बाहुल्यापुढे हात बांधून उभी होती.

यशोधनचा संयम सुटला. तो निरंजनाजवळ गेला आणि त्याने त्याच्या डोक्यावर बोटांनी ठोकलं. टक, टक.

सर्जेरावांनी डोळे मिटून घेतले.

"ऐका," यशोधन म्हणाला. "पोकळ आहे आत. काही नाही." त्याने रबराचा गाल चिमटीत धरून ओढला आणि सोडला, गाल थरथरून जागेवर आला. "याला दुखत नाही. याला कुणी जन्म दिलेला नाही. हा गेला तर कुणाचं काही जाणार नाही. वस्तू आहे ही. वस्तू."

वारा पडला. गवत थांबलं.

कॅमेऱ्यामागून नसीमचा आवाज आला, शांत, जणू ती लेन्सचा आकडा सांगत होती.

"यशोधन, हा डायलॉग न्यायाधीशाचा आहे."

तो वळला.

"तूच लिहिलायस," ती म्हणाली. "टक-टक सकट."

*

काही क्षण माणसाला उंच करतात, काही बुटकं. हा क्षण दोन्ही करत होता.

यशोधन उभा होता, एका हाताची बोटं अजून ठोकण्याच्या आकारात वाकलेली. समोर त्याचाच माणूस, त्यानेच करवून घेतलेला, माणूस आहे हे जगाला पटवण्यासाठी करवून घेतलेला. आणि जग, म्हणजे जेमतेम पंधरा माणसं, एक जनरेटर आणि चहाचं पातेलं, ते जग पटवून न घेताच पटून बसलं होतं. आणि न पटलेला एकटाच उरला होता. तो स्वतः.

निरंजन खाली झुकलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे पाहत होता. चूक माहीत असलेल्या. माफ केलेल्या.

यशोधनने बोटं मिटली. मग खिशातून फोन काढला. सड्यावर एकाच खडकावर चढून उभं राहिलं की आवाज धड पोचे. त्या खडकावर तो चढला, आणि परग्रहावरून वामनगुरुजींना फोन लागला.

पलीकडे टाळ वाजत होते, घंटा वाजत होत्या. गुरुजी एका घरचा गणपती उठवून दुसऱ्या घरी निघाले होते. यशोधनने सगळं सांगितलं.

"अरेच्चा," गुरुजी म्हणाले. "ते देव नव्हते?"

"नाही, गुरुजी."

"मग कोण होते?"

"माणूस. म्हणजे, कृत्रिम माणूस."



"मग ठीकच झालं," गुरुजी म्हणाले. "खऱ्या माणसाला प्राणप्रतिष्ठेचा तसा उपयोग नसतो."

"आता काय करायचं?"

"काय म्हणजे? आज चतुर्दशी. निरोप द्या. यजमान तुम्ही, तुम्हीच द्यायला हवा. अक्षता वाहा, हातावर दही घाला, आणि उत्तरेकडे जरासं सरकवा. तेवढ्याने होतं."

"मंत्र?"

"मंत्र माझ्याकडून समजा. मी इथून म्हणतो, एवीतेवी म्हणतोच आहे. आणि हो, यायचं आमंत्रण द्या पुन्हा. न देता कुणाला पाठवू नये."

*

साहित्य जमलं. जसं जमायचं तसं.

अक्षतांना तांदूळ हवे होते. नसीमने कॅमेऱ्याखालची उशी काढली. कॅमेरा हलू नये म्हणून शिवलेली ती छोटी गोधडीची थैली, आत तांदूळ भरलेली. तिने दाताने टाका तोडला आणि मूठभर तांदूळ काढून दिले. "मला यातलं काही कळत नाही," ती म्हणाली. "पण पाहुण्याला दारापर्यंत सोडायला जातात, एवढं आमच्यातही आहे."

कुंकवाला रंग हवा होता. सिनेमासाठी आणलेल्या नकली रक्ताचा चिकट लाल थेंब तांदळांना लागला, आणि तांदूळ आरक्त झाले.

दही सर्जेरावांनी आणलं, जेवणातलं, त्यांच्या वाटचं.

सगळे अर्धवर्तुळात उभे राहिले. पश्चिमेला सूर्य, पायाशी दरी, दरीतून वर येणारा वारा. आणि त्या वाऱ्याबरोबर, खालच्या कोकणातल्या कुठल्याशा वाडीतून, विसर्जनाला निघालेल्या टाळांचा आवाज. तुटत, जुळत, तुटत, जुळत. जणू दरीच झांजा वाजवत होती.

यशोधन निरंजनासमोर गुडघ्यांवर बसला. त्याने असं काही कधी केलं नव्हतं. घरी आई करायची तेव्हा तो मोबाईल बघायचा. आता त्याला कळेना की हात कुठे ठेवायचे, मान किती वाकवायची, कुणासारखं दिसायचं. मग त्याच्या ध्यानात आलं की समोरचाही तसाच बसलाय. कुणीतरी घडवलेल्या हातांचं काय करायचं ते न कळून, एक वर, एक खाली.

त्याने अक्षता वाहिल्या. खोलगट डाव्या तळव्यावर दही घातलं. मोदकाविना इतके दिवस रिकामी राहिलेली ती जागा, जणू याचसाठी थांबलेली, भरली.

"चुकलं असेल तर," तो हळू म्हणाला, आणि पुढचं वाक्य त्याच्याकडे नव्हतं. तीन वर्षं संवाद लिहिणाऱ्याकडे नव्हतं. "परत या," तो म्हणाला. एवढंच.

आणि त्याने निरंजनाला दोन्ही खांद्यांना धरून, उत्तरेकडे, तिळभर, सरकवलं.

आणि चेहरा विझला.

*

रंग तोच होता. रेषा त्याच होत्या. ओठांची ती मृदू मुरड, कपाळाचा तो निर्मळ उतार, काहीसुद्धा हललं नव्हतं. डोळे जिथे होते तिथेच होते. पण पाहणं नव्हतं.

आत्तापर्यंत होतं, हे आत्ता कळलं. नसल्यावर कळलं. जसा घरात दिवसभर चालणारा पंखा थांबला की कळतो. जसा फुलांनी भरलेल्या खोलीतून कुणी फुलं नेली की कळतो वास.

यशोधनने सगळ्यांत आधी वर पाहिलं. ढग आला असणार.

ढग नव्हता. निरभ्र पश्चिम, निष्कलंक केशर, सूर्याचा अखंड ताम्र गोल. नसीम उठली होती. उजेड मोजायचं यंत्र तिने निरंजनाच्या गालाजवळ नेलं, आकडा पाहिला. पुन्हा नेलं, पुन्हा पाहिला.

"उजेड तेवढाच आहे," ती म्हणाली.

मावशींनी तोंडातलं पान चघळायचं थांबवलं होतं. वर्षानुवर्षं त्यांनी हे पाहिलं होतं, दर चतुर्दशीला, घरोघरी. मातीत पाहिलं होतं, शाडूत पाहिलं होतं. रबरात पहिल्यांदा. त्यांनी पदर डोक्यावर घेतला.

आणि यशोधन, नास्तिक, गुडघ्यांवर, त्या विझल्या चेहऱ्यासमोर बसून राहिला. त्याच्या अंगावर काटा उभा राहत होता, हळूहळू, सड्यावर वारा चढतो तसा. जे नव्हतंच ते जाईल कसं? आणि गेलं असेल, तर ते होतं. कुठून आलं होतं? चुकीच्या मंत्रातून? मावशींच्या एका ओढीतून? रोजच्या त्या जास्तीच्या चहाच्या वाफेतून? की त्या शालीतून, त्या छत्रीतून, "तुम्हाला नाही" म्हणणाऱ्या ओशाळ्या तोंडांतून, थेंबथेंब, कणकण, पंधरा माणसांनी आपापल्यातलं जरासं काढून त्या पोकळ छातीत साठवलं होतं?

आणि आपल्या छातीत तरी, त्याच्या मनात आलं, ते दुसरं कुठून आलं?

सूर्याचा तळ क्षितिजाला टेकला.

"बाळा," मावशी म्हणाल्या. "चल. थांबवून ठेवू नये."

*

यजमानानेच न्यायचं असतं. त्याने निरंजनाला उचललं. एका हाताने उचलल्या जाणाऱ्या त्या देहाला दोन हात का लागले, हे त्याने स्वतःला विचारलं नाही.

नसीमने उशीविना कॅमेरा छातीशी धरला. श्वास रोखला. यशोधनने निरंजनाला काठावर उभं केलं, पाठ दरीकडे, तोंड माणसांकडे. कॅमेऱ्याच्या चौकटीबाहेर, वाकून, त्याच्या झग्याचं टोक धरून, तो क्षणभर थांबला.

आणि हात सोडला.

निरंजन मागे झुकला. कलला. गेला.

काठ रिकामा झाला.

आणि दरीने श्वास सोडला.

खालून तो वारा उसळला, तो रुमाल परत करणारा, ओहोळ परत पाठवणारा, पडू न देणारा वारा. छत्रीच्या कापडाचा तो पायघोळ झगा त्याने ओंजळीत धरला, फुलवला. आणि काठाच्या वर, त्यांच्या डोळ्यांच्या उंचीला, शुभ्र, विशाल, वातपूर्ण, निरंजन परत आला.

तो पडत नव्हता. तो उडत नव्हता. तो होता. मागे अर्धा बुडालेला सूर्य, आणि त्या ताम्रबिंबाच्या मधोमध तो तरंगत होता, कडेकडेने पेटलेला, उजवा हात आशीर्वादाचा, डाव्या तळव्यावर दह्याचा चंद्र. चेहरा सावलीत होता. दिसत नव्हता. त्या चेहऱ्यावर आता काय आहे, हे कुणालाच दिसत नव्हतं, आणि प्रत्येकाला दिसत होतं.

सर्जेरावांच्या छातीतून तो आवाज आपोआप निघाला, दरवर्षी तळ्याकाठी निघणारा, पोरपणापासून निघणारा. पुढच्या वर्षी लवकर या. आणि मग सगळ्यांचा. घोगरे, कातरे, ओले आवाज, परग्रहाच्या काठावर, एका रबरी माणसासाठी. खालच्या वाडीतल्या टाळांनी वर येऊन तो ठेका धरला.

यशोधनच्या ओठांना खारट लागलं. तुषार असतील. तुषार गोड्या पाण्याचे होते.

आणि मग वाऱ्याने ओंजळ हळूच कलती केली. निरंजन खाली उतरू लागला, पडण्यासारखा नव्हे, पायऱ्या उतरणाऱ्या पाहुण्यासारखा. आधी पाय धुक्यात, मग झगा धुक्यात, मग छाती. सगळ्यांत शेवटी तो हात.

मग धुकंच.

"कट" म्हणायचं यशोधनला सुचलं नाही. कॅमेरा बराच वेळ नुसतं आकाश टिपत राहिला. नंतर सिनेमात ते आकाश त्याने तसंच ठेवलं. दुसरा सूर्य लावला नाही.

*

खाली, दरीच्या पायथ्याशी, वाडीतला दत्ताराम आणि त्याचा मेव्हणा गोणपाट घेऊन उभे होते. जे काही पडेल त्याचे तुकडे वेचायचे, दरीत एक चिंधीही राहता कामा नये, ही वनखात्याची अट. उजेड असेपर्यंत त्यांनी वर पाहिलं, झाडांत पाहिलं, ओढ्यात पाहिलं. मग दत्तारामचा फोन आला.

"सायबानू, ते अजून इले नाय."

यशोधनने खालच्या धुक्याकडे पाहिलं.

"आमी थांबलंव हंय," दत्ताराम म्हणाला. 'ते' म्हणायचं, असं त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं. तो निरंजनाला कधी भेटलाही नव्हता. "येतले. घाई नाय."

वर सड्यावर सामान आवरलं जात होतं, अगदी हळू आवाजात, जसं कुणी झोपलेल्या घरात आवरावं. सूर्य गेला होता आणि त्याचा रंग मागे विसरला होता. सर्जेरावांनी संध्याकाळचा चहा केला, कप भरले, एक जास्त भरला. आणि जास्तीचा कप, थोडं घुटमळून, कातळाशी नेऊन ठेवला.

कपातून वाफ वर चढत होती, सरळ, बारीक, कुणाला तरी वाट दाखवावी तशी.

आणि कातळाच्या पायाशी, जिथे तो दुपारभर बसला होता, तिथे त्याच्या भाराने निजलेली सीतेची आसवं शेवाळातून मान वर काढत होती. आधी एक. मग एक. मग त्याच्या शेजारचं एक. कुणी न उठवता, कुणी न सांगता, उरल्यासुरल्या उजेडात. निळी, ओली, उभी.